हवेतली ऊब की जमिनीतली? हीट पंपांच्या तुलनेमागचा इतिहास

जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये जुनं घर घेणाऱ्यांपुढे, त्यातल्या मराठी कुटुंबांपुढेही, हल्ली एक प्रश्न येतो. घर तापवणारा गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवायचा, तर तो हवेतून उष्णता घेणारा असावा की जमिनीतून? तुलनेचे तक्ते भरपूर मिळतात. पण ते आकडे कुठल्या घरातून आले हे ठाऊक नसेल तर त्यांचा उपयोग फार थोडा, असं माझं ठाम मत आहे.

तत्त्व आपल्या फ्रिजचंच आहे. थंड जागेतली उष्णता उचलायची आणि गरम जागेत सोडायची. वीज लागते ती या उचलाउचलीपुरती, म्हणून एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता घरात येते. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी 1852 मध्ये इमारती तापवण्यासाठी ही कल्पना मांडली. त्याच दशकात ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठाचं पाणी आटवायला असं यंत्र वापरून पाहिलं. जमिनीतून उष्णता घेण्याचं स्विस पेटंट 1912 चं, हाइनरिख त्सोली यांचं. पण कोळसा स्वस्त होता, तोवर याची गरज कोणाला भासली नाही.

गरज भासली ती स्वित्झर्लंडला. तिथे कोळसा बाहेरून यायचा आणि जलविद्युत मात्र घरची. 1938 मध्ये झुरिकच्या जुन्या टाउन हॉलमध्ये लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. तो जवळपास 60 अंशांचं पाणी देई आणि 2001 पर्यंत चालला. 63 वर्षं! या तंत्राच्या टिकाऊपणाबद्दल शंका घेणाऱ्यांनी हा एक दाखला तरी लक्षात ठेवावा. इंग्लंडमध्ये नॉर्विच शहराचे विद्युत अभियंता जॉन सम्नर यांनी 1945 मध्ये वेन्सम नदीवर असाच पंप उभा केला. तो उत्तम चालला, पण स्वस्त कोळशाच्या देशात तो प्रयोग पुढे सरकला नाही.

1973 च्या तेलसंकटाने चित्र पालटलं, आणि सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट स्वीडनची आहे. घरं तेलावर तापत होती, तेल महागलं, सरकारने मदत दिली आणि पंपांची लाट आली. घाईत बनवलेली यंत्रं, अर्धवट शिकलेले कारागीर. 1980 च्या दशकाच्या मध्यात तेल पुन्हा उतरलं तेव्हा बाजार कोसळला आणि मागे उरला तो ग्राहकांचा अविश्वास. तो पुसायला पुढची दहा वर्षं लागली. 1991 मध्ये कार्बन कर, म्हणजे तेल-कोळशासारख्या इंधनांवरचा कर आला. त्यानंतर सरकारी संस्थेने उत्पादकांमध्ये स्पर्धा लावली, अटी दोनच: पंप जास्त कार्यक्षम हवा आणि किंमतही कमी हवी. स्वीडनच्या कठीण खडकात खोल बोअर घेऊन त्यात नळ्या सोडायची पद्धत रुळली, ती याच काळात.

बोअरचा फायदा उघड आहे. काही मीटर खाली तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असतं. हवेच्या पंपाचं उलट: घराला सगळ्यात जास्त ऊब हवी असते त्याच रात्री बाहेरची हवा सगळ्यात थंड असते, आणि बाहेरच्या युनिटवर जमलेला बर्फ वितळवायलाही उष्णता खर्च होते. पण बोअर खणणं महाग, आणि गजबजलेल्या वस्तीत मशीन आत न्यायला जागा नसते. इन्व्हर्टर काँप्रेसर आले, ते गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करू लागले, आणि हवेच्या पंपांनी बरंच अंतर भरून काढलं.

दरम्यान घरंच बदलली. 1991 मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्ह हाऊस, म्हणजे तापवण्याची गरजच अगदी कमी असलेलं घर, उभं राहिलं. जाड इन्सुलेशन, तीन काचांच्या खिडक्या, आणि पॅसिव्ह हाऊसच्या मानकानुसार तापवण्याची गरज वर्षाला दर चौरस मीटरमागे जेमतेम 15 युनिट. इतकी कमी गरज असलेल्या घरात बोअरचा जादा खर्च विजेच्या बचतीतून सहजी वसूल होत नाही. तिथे बाहेर टाकल्या जाणाऱ्या शिळ्या हवेतूनच उष्णता काढणारा छोटा पंपही पुरतो.

जुन्या घरांचं काय? फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेने जर्मनीतल्या राहत्या जुन्या घरांमध्ये मोजमाप केलं. एका युनिट विजेमागे हवेच्या पंपांनी सरासरी 3.1 युनिट उष्णता दिली, जमिनीच्या पंपांनी 4.1. माझ्या मते मात्र त्याहून महत्त्वाचा आकडा रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलमध्ये, जाणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा आहे. 35 अंशांवर भागत असेल तर कुठलाही पंप सुखाने चालतो. 55 लागत असतील तर महागडा पंपही वीज खातो. अनेकदा दोन-चार रेडिएटर मोठे केले तरी तापमान खाली आणता येतं.

2022 मध्ये रशियन गॅसच्या टंचाईनंतर स्वीडनची ती जुनी लाट जर्मनीत वेगळ्या रूपात दिसली. 2023 मध्ये साडेतीन लाखांहून जास्त पंप विकले गेले, आणि घरं तापवण्याबाबतच्या नव्या कायद्यावरच्या राजकीय भांडणानंतर 2024 मध्ये आकडा दोन लाखांच्या खाली आला. आता बाजारात प्रोपेन वायूचे पंप वाढत आहेत; यात प्रोपेन जळत नाही, फ्रिजमधल्या वायूसारखा आत फिरून उष्णता वाहून नेतो. गळाला तरी प्रोपेन वातावरणाला आधी वापरल्या जाणाऱ्या वायूंच्या तुलनेत फारच कमी तापवतो, आणि असा पंप 70 अंशांपर्यंतचं पाणी देऊ शकतो, त्यामुळे जुन्या रेडिएटरवाल्या घरांनाही तो चालतो. प्रोपेन ज्वलनशील असल्याने यंत्र बहुधा घराबाहेर ठेवतात, आणि दारं-खिडक्या व तळघराच्या झरोक्यांपासून किती अंतर सोडायचं याचे नियम पाळावे लागतात.