चित्रं असलेलं प्रत्येक पुस्तक चित्रपुस्तक नसतं

तालुक्याच्या दुकानात तीन-चार वर्षांच्या पोरासाठी पुस्तक मागितलं की दुकानदार चित्रांची सगळी पुस्तकं एकाच गठ्ठ्यात पुढे करतो. त्यात सचित्र गोष्टी असतात आणि चित्रपुस्तकंही. ओळखायची खूण सोपी आहे. चित्रावर हात ठेवून मजकूर वाचा. गोष्ट पुरी कळली तर ती सचित्र गोष्ट. काहीतरी हातून निसटलं, तर चित्रपुस्तक.

समजा पानावर एवढंच छापलंय, ‘बकरी घरी आली.’ चित्रात बकरीच्या तोंडात तुरीची डहाळी आहे आणि मागून काठी घेऊन वावराचा मालक धावतोय. चोरीचं अक्षरांत नावही नाही! वाचता येणारा बाप वाक्य वाचतो आणि पान उलटायला जातो. वाचता न येणारं पोट्टं त्याचा हात धरतं, “थांब ना बाबा, थो माणूस काहून पयून रायला?”

पोट्ट्याचंच बरोबर आहे. कॅनडातल्या संशोधकांनी 2005 साली, मोठी माणसं वाचून दाखवत असताना लहान मुलांची नजर पानावर कुठे फिरते हे यंत्राने टिपलं. ती जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, अक्षरांवर क्वचित.

पुस्तक निवडताना हाच फरक आडवा येतो. मोठ्यांना पैशाच्या मानाने मजकूर भरपूर हवा, शेवटी तात्पर्य हवं, अक्षरओळख झाली तर उत्तमच. (अननस न पिकणाऱ्या मुलखात ‘अ अननसाचा’ पिढ्यान्‌पिढ्या खपतो तो असाच.) बत्तीस पानांत वीस ओळी पाहिल्या की त्यांना फसल्यासारखं वाटतं. पोरगं मात्र मुखपृष्ठावरचा बैल पाहून पुस्तक उचलतं आणि मग रोज तेच मागतं. मोठे कंटाळतात, त्याला त्याच पानावर काल न दिसलेली मुंगी सापडलेली असते.

म्हणून सहा वर्षांच्या आतल्या पोरासाठी मी चित्रपुस्तकच घेईन, तात्पर्य नसलेलं. सचित्र गोष्ट रात्री पडल्या पडल्या ऐकायला छान, पण ती ऐकायचीच. चित्रपुस्तकावर बोलावं लागतं, आणि त्याचा उपयोग होतो. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना वाचताना प्रश्न विचारायला, मुलाचं बोलणं पुढे वाढवायला शिकवलं होतं. महिन्याभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली. प्रश्न मात्र ‘हा कोण?’ एवढ्यावर थांबू नये. ‘आता काय होईन?’ हेही विचारावं.

शब्दच नसलेली चित्रपुस्तकंही मिळतात. ती पाहून लोक ‘यात वाचायचं काय?’ म्हणत परत ठेवतात. पण मेळघाटात घरी कोरकू बोलतात, गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया, आणि अंगणवाडीतली पुस्तकं बहुधा मराठीत. तिथे शाळेचं तोंड न पाहिलेली आजीही असलं पुस्तक मांडीवर घेऊन आपल्या बोलीत सांगू शकते, आणि नातवाला पटलं नाही तर तो तिला मध्येच अडवू शकतो.