अमेरिकी सिंफनी: लिहिली कधी, वाजली कधी

सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, अनेक भागांची रचना. ती कागदावर पुरी होत नाही. साठ-सत्तर वादक, तालमी, सभागृह आणि तिच्यावर भरवसा ठेवून वादकांना वाजवायला लावणारा संचालक मिळाला, तरच ती ऐकू येते. म्हणून विसाव्या शतकातल्या अमेरिकी सिंफन्या ऐकताना त्या कधी लिहिल्या गेल्या याइतकंच त्या कधी वाजल्या, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात एका पाहुण्यापासून होते. बोहेमियाचे (आजच्या चेक प्रजासत्ताकातले) संगीतकार द्वोर्झाक १८९२ मध्ये न्यूयॉर्कला आले. हॅरी बर्ली या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या तोंडून त्यांनी गुलामगिरीच्या काळातली भक्तिगीतं ऐकली, आणि अमेरिकेचं संगीत याच सुरांवर उभं राहायला हवं, असं १८९३ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

ते सूर ज्यांचे होते, त्यांच्या सिंफन्या वाजायला मात्र आणखी चार दशकं लागली. विल्यम ग्रँट स्टिल यांची ब्लूजवर, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांवर, बांधलेली सिंफनी १९३१ मध्ये रॉचेस्टरला वाजली. तिच्यात चक्क बँजो हे लोकसंगीतातलं तंतुवाद्य आहे. १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी या वाद्यवृंदाने फ्लॉरेन्स प्राइस यांची पहिली सिंफनी सादर केली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाने वाजवण्याची ही पहिलीच वेळ. तिचा तिसरा भाग म्हणजे ‘जुबा’. मळ्यांवरचे गुलाम टाळ्या वाजवत, मांड्यांवर थाप देत हा नाच करायचे. तो ठेका व्हायोलिनांवर येतो, तेव्हा पाय आपोआप हलू लागतात. नवख्याने इथूनच ऐकायला लागावं.

त्या काळी बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक कुसेवित्स्की हे अमेरिकी संगीतकारांचे मोठे आधार होते. रॉय हॅरिस यांची तिसरी सिंफनी (१९३९) आणि कोपलंड यांची तिसरी (१९४६) त्यांनीच प्रथम वाजवली. प्राइस यांनीही १९४३ मध्ये त्यांना पत्र लिहिलं: आपण स्त्री आहोत, आपल्यात कृष्णवर्णीय रक्त आहे, ते बाजूला ठेवून संगीत पाहावं. प्राइस यांची एकही रचना कुसेवित्स्कींनी वाजवली नाही. हे वाचून आजही वाईट वाटतं.

वाट संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज यांनीही पाहिली. विम्याचा व्यवसाय सांभाळून लिहिलेली त्यांची चौथी सिंफनी १९६५ मध्ये पहिल्यांदा पूर्ण वाजली, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी.

प्राइस १९५३ मध्ये गेल्या. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. त्यांची १९४५ सालची चौथी सिंफनी २०१८ मध्ये प्रथमच वाजली, त्यांच्या जन्मभूमीत, आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथला.