विंडसर्फिंगचा फिन : वाऱ्यावर चढण्यासाठी निवड, खानदेशच्या जलाशयांसंदर्भात

विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर चालवायच्या फळीच्या बुडाला, शेपटीकडच्या टोकाशी बसवलेले उभे पाते म्हणजे फिन. या फळीला सुकाणू नसते. शीड पुढे-मागे कलवून आणि पायाने फळीची कड दाबून दिशा बदलतात, म्हणून फिनचे मुख्य काम वळवण्याचे नाही, धरून ठेवण्याचे आहे. वाऱ्याकडे तोंड करून जाताना शीड फळीला जेवढे पुढे ओढते त्याहून जास्त आडवे ढकलते, आणि हा आडवा जोर पाण्यात पेलायला आजच्या बहुतेक फळ्यांना फिनखेरीज दुसरे काही नसते.

थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची फळी जात नाही. वाऱ्याशी साधारण 45 ते 60 अंशांचा कोन ठेवून नागमोडी चढावे लागते. हा कोन जितका लहान, तितकी फळी ‘वर’, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, जाते. खानदेशात याचे महत्त्व किनाऱ्यापेक्षा जास्त आहे. इथे समुद्र नाही, पाणी आहे ते धरणांचे आणि बंधाऱ्यांचे. वाऱ्याखाली वाहत गेलेला माणूस समुद्रकाठी निदान वाळूवरून चालत परततो. जलाशयात मात्र तो गुडघाभर गाळात किंवा बाभळीच्या बनात जाऊन लागतो.

1968 मध्ये अमेरिकेत हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी ज्या फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला मध्यभागी खाली-वर करता येणारे मोठे पाते होते. वाऱ्यावर चढण्याचे काम हे पाते करी आणि शेपटीचा फिन नुसता जोडीला असे. पुढे पाण्यावरून सुसाट सरकणाऱ्या छोट्या फळ्या आल्या, मधले पाते गेले आणि सगळा भार फिनवर आला. 2008 ते 2020 या ऑलिंपिक स्पर्धांत वापरलेल्या आरएस:एक्स फळीला मधले पाते होतेच, शिवाय पुरुषांसाठी 66 सेंमी आणि महिलांसाठी 60 सेंमी लांबीचा फिनही होता. फॉर्म्युला या शर्यतीच्या प्रकारात तो 70 सेंमीपर्यंत जातो. हे आकडे पाहून लांब फिन घ्यावा असे कोणालाही वाटेल. निम्मी गोष्ट खरी आहे.

फिनचा छेद दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्यामुळे तो अगदी नाकासमोर गेला तर आडवा जोर निर्माण करत नाही. फळी काही अंश तिरकी सरकू लागली की पाते पाण्याला कोनात भेटते आणि एका बाजूला दाब तयार होतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट झाला की जोर चौपट. वाऱ्यावर चढण्याबाबतचे बहुतेक गैरसमज या एका नियमापाशी सुटतात. हळू चाललेल्या फळीला मोठे पाते लागते, वेगात असलेल्या फळीला लहान पुरते. नवशिका मात्र सुटल्याबरोबर फळी वाऱ्याकडे वळवतो आणि मागच्या पायाने रेटतो. वेग नसल्याने फिनवर जोर तयार झालेला नसतो, पात्याचा कोन वाढत जातो, पाण्याचा प्रवाह पात्याला सोडतो किंवा पृष्ठभागावरची हवा पात्याच्या बाजूने खाली ओढली जाते, आणि शेपटी एकदम बाजूला घसरते. याला ‘स्पिन-आउट’ म्हणतात. दोष बहुतेक वेळा फिनला दिला जातो. आधी वाऱ्याला आडवे जाऊन वेग घ्यावा, मग हळूहळू वर चढावे. एवढे केले तर पुष्कळांचा जुना फिनच पुरेसा ठरतो.

लांबी शिडाच्या आकारावरून ठरते. सर्वसाधारण वापराच्या फळीवर 5 चौरस मीटरच्या शिडाला सुमारे 28 ते 32 सेंमी, 6.5 ला 34 ते 38, आणि 7.5 ला 40 ते 46 सेंमी फिन चालतो. वर चढणे हाच हेतू असेल तर यातली वरची बाजू घ्यावी. लांब आणि अरुंद पाते त्याच क्षेत्रफळाच्या आखूड, रुंद पात्यापेक्षा पाण्याचा कमी विरोध सोसून जास्त जोर देते, कारण टोकाजवळ होणारी दाबाची गळती त्याच्यात कमी असते. पण शिडाच्या मानाने फिन फार मोठा झाला तर जोर वाढल्यावर फळीची वाऱ्याकडची कड उचलली जाते, पाय फळी दाबून धरण्यातच थकतात आणि वेग उरत नाही. पात्याचा ताठपणाही पाहावा. काचतंतू-राळेचे किंवा कार्बनचे पाते टोकापर्यंत आकार टिकवते, तर फळीसोबत येणारे स्वस्त प्लास्टिकचे पाते जोर पडताच वाकते आणि कोन गमावते. आहे तो प्लास्टिकचा फिन बदलून त्याच लांबीचा ताठ फिन लावणे, हा माझ्या मते खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल आहे. फिन बसवायच्या खाचांचे यूएस बॉक्स, पॉवर बॉक्स, टटल आणि डीप टटल असे प्रकार आहेत. एकाचा फिन सहसा दुसऱ्यात नीट बसत नाही, तेव्हा खरेदीआधी फळी उलटी करून बघावी.

खानदेशात हा हिशेब पाण्यामुळे बदलतो. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांच्यामधली तापीची खोरी पश्चिमेला उघडी आहे. पावसाळ्यात पश्चिम-नैर्ऋत्येचा वारा तिच्यातून आत घुसतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्याच्या जोरावरच. तापीवरच्या हतनूर धरणावर हा वारा भिंतीकडून आत, तापी-पूर्णेच्या संगमाकडे म्हणजे चांगदेवच्या दिशेने ढकलतो. तिकडे पाणी उथळ होत जाते, गाळ वाढतो, पाणवनस्पती माजतात. परतीची सारी वाट वाऱ्यावर चढण्याची. ज्या जागी लांब फिन सर्वांत जास्त हवा, तिथेच तो तळाला घासतो किंवा वेलींनी भरतो.

उभा फिन आणि वनस्पती यांचे जमत नाही. वखराच्या पाशीला काडीकचरा अडकला की ती रान कापायचे सोडून तो कचराच ओढत नेते, तसेच सरळ पात्याचे होते. दोन-चार हात लांबीचा एक वेल पुढच्या कडेवर बसला तरी पात्यावरचा प्रवाह बिघडतो, वेग पडतो आणि फळी घसरू लागते. यावर उपाय म्हणजे मागे 45 अंशांच्या आसपास कललेला ‘वीड फिन’. वेल त्याच्या उतरत्या कडेवरून खाली सरकून सुटतात. त्याची खोली कमी असते, म्हणून चढण्याचा जोर राखायला त्याचे क्षेत्रफळ मोठे घ्यावे लागते. स्वच्छ पाण्यात तो उभ्या फिनइतका कोन देत नाही हे खरे. पण हतनूरसारख्या पाण्यावर निवड उभ्या आणि कललेल्या फिनमध्ये नसतेच, ती परत येण्यात आणि न येण्यात असते.

वाघूर किंवा गिरणा धरण भरलेले असेल तेव्हा मधल्या खोल पाण्यात उभा फिन निर्धास्त चालतो. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात असले तरी त्याचे पाणी जळगावच्या शेतांना जाते. उन्हाळ्यात पातळी उतरली की बुडालेली झाडांची खोडे, जुने बांध आणि मच्छीमारांची जाळी वर येतात, तेव्हा 30 सेंमीच्या पुढे जाऊ नये. पुरात सारंगखेडा, प्रकाशा आणि हतनूरचे दरवाजे उघडतात. त्या दिवसांत कोणत्याही फिनने पाण्यात उतरू नये. एरवीही धरणात फळी उतरवण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी.

उकाड्याचाही थोडा परिणाम होतो. 42 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 9 टक्के विरळ असते, त्यामुळे मे महिन्यात तेवढ्याच वाऱ्यात शिडाला कमी जोर मिळतो आणि थोडे मोठे शीड लावावे लागते. पाणी मात्र तसेच असते, म्हणून अशा उकाड्यात फिन निवडताना नुसता शिडाचा आकडा न बघता हाताला जाणवणारी ओढ बघावी. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास हलके असते. तो फरक सोडून द्यावा.

2024 च्या ऑलिंपिकपासून फिनची जागा फॉइलने घेतली. पाण्याखाली 95 सेंमी खांबाच्या टोकाला पंख असलेली आणि त्यांच्या जोरावर पाण्याच्या वर उचलली जाणारी आयक्यूफॉइल फळी हलक्या वाऱ्यातही फार वर चढते. तिला मीटरभराहून जास्त खोल, स्वच्छ पाणी लागते, आणि गाळ व वेलींच्या जलाशयात ते मिळण्याचे दिवस मोजकेच.

तापीच्या गोट्यांवर घासल्याने फिनच्या पुढच्या कडेला बारीक खाचा पडतात. नख फिरवले की त्या लागतात. खाच एपॉक्सीने भरून, वाळल्यावर 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने ओल्या हाताने, लांबीच्या दिशेने घासावी. पुढची कड गोलसरच ठेवावी, धार लावू नये. चालताना फिन गुणगुणत असेल तर दोष बहुधा मागच्या कडेत असतो. ती बोथट झालेली असते, आणि एका बाजूने हलकीशी तिरकी घासली की आवाज थांबतो.