स्केटिंग रिंक, खुली सार्वजनिक

शासनाच्या वा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीची, छप्पर नसलेली, चाकांच्या स्केट्सवर सराव, शर्यत व खेळ यांसाठी बांधलेली कठीण आणि गुळगुळीत फरशी. प्रस्तुत नोंदीत तिच्या नियोजनाचा व निधीचा विचार सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. ‘स्केटिंग ट्रॅक’, ‘स्केटिंग ग्राउंड’ ही नावेही रूढ आहेत. काटेकोरपणे पाहता ट्रॅक म्हणजे शर्यतीची लंबगोल धाव, तर रिंक म्हणजे कठडा असलेला आयत. प्रस्तावांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि जागेचा अंदाज तेथेच चुकतो. रिंक हा शब्द मराठीत पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी असा दोन्ही प्रकारे आढळतो. येथे तो स्त्रीलिंगी घेतला आहे.

बर्फावरील रिंकचा विचार या भागात करण्याचे कारण नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठून हिमकण दिसतात. पण तो गवतावर आणि मोटारींच्या टपांवर जमणारा पातळ थर असतो, पाण्यावर भार पेलणारा बर्फ नव्हे.

व्युत्पत्ती : ‘रिंक’ हा शब्द इंग्रजीत स्कॉटलंडच्या बोलीतून आला, याविषयी मतभेद नाहीत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो घोडेस्वारांच्या भाल्यांनी होणाऱ्या द्वंद्वाची किंवा शर्यतीची आखलेली जागा या अर्थाने आढळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो कर्लिंग या बर्फावरील खेळाच्या पट्टीला लावला जाऊ लागला. स्केटिंगची जागा हा अर्थ १८६० नंतरचा, आणि चाकांच्या स्केटिंगची जागा हा अर्थ साधारण १८७५ च्या सुमाराचा दिसतो. त्यामागे कोणता शब्द आहे, हा वादाचा भाग. एका मतानुसार जुन्या फ्रेंचमधील ओळ वा रांग या अर्थाचा ‘रेंक’ हा त्याचा उगम. दुसऱ्या मतानुसार तो वर्तुळवाचक ‘रिंग’ या शब्दाचाच बोलीतील फरक. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण सर्वांत जुन्या वापरांत वर्तुळापेक्षा सरळ आखलेल्या पट्टीची कल्पना ठळक आहे. अर्थात फ्रेंच शब्दाचेही मूळ जर्मानिक ‘ह्रिंग’कडे नेले जाते, तेव्हा दोन्ही मते मुळाशी फार लांब राहत नाहीत.

आपल्याकडे ‘रिंक’चा संबंध ‘रिंगण’ या शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण सातारा जिल्ह्यातच, तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे होते. त्यामुळे हा शब्द येथील लोकांच्या अगदी जवळचा आहे. तथापि दोन्ही शब्दांचे साम्य ध्वनीपुरतेच मानावे. ‘क्रीडारिंगण’ असा प्रतिशब्द घडवायचा तर तो अर्थाने चपखल आहे, एवढे मात्र मान्य करावे लागते. ‘स्केट’ हा शब्द डच ‘स्खाट्स’वरून आला. त्याच्या मागे उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलीतील, पायाला बांधायच्या उंच काठ्या या अर्थाचा शब्द आहे. डचमधील एकवचनी रूपाच्या शेवटचा ‘स’ इंग्रजांनी बहुवचनाचा समजून गाळला.

इतिहास : चाकांच्या स्केट्सचा पहिला सार्वजनिक वापर जॉन जोसेफ मर्लिन या बेल्जियन यंत्रकाराने १७६० च्या दशकात लंडनमध्ये केला, असे सामान्यतः मानले जाते. व्हायोलिन वाजवत तो मेजवानीत शिरला आणि थांबता न आल्याने मोठ्या आरशावर आदळला, ही कथा बरीच नंतर लिहिली गेली असल्याने तपशिलांबाबत सावध राहणे बरे. १८१९ मध्ये पॅरिसच्या पेतिब्लेद याने एका ओळीत चाके असलेल्या स्केटचे पेटंट घेतले. रिंक या वास्तूचा खरा आरंभ मात्र जेम्स प्लिम्प्टन या अमेरिकन माणसाच्या १८६३ च्या पेटंटपासून धरावा. त्याने दोन-दोन चाकांच्या जोड्या रबराच्या उशीवर बसवल्या, त्यामुळे शरीर कलंडवून वळणे शक्य झाले. वळता येऊ लागले तशी सरळ पट्टीऐवजी रुंद फरशीची गरज पडली. कृत्रिम बर्फाची पहिली रिंक जॉन गॅम्जी याने १८७६ मध्ये लंडनला उघडली.

भारतात स्केटिंग ब्रिटिशांच्या थंड हवेच्या ठाण्यांतून रुजले. सिमल्याची नैसर्गिक बर्फाची खुली रिंक १९२० पासूनची आहे. मसुरीची रिंक चाकांच्या स्केटिंगसाठी प्रसिद्ध होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी ३,००० मी. रिलेत कांस्यपदके मिळवली, तेव्हापासून या खेळाकडे गावोगावच्या पालकांचे लक्ष गेले. शालेय क्रीडास्पर्धांत हा खेळ असल्याने या दोन्ही जिल्ह्यांतही मुलामुलींची वर्दळ आहे. अनेक ठिकाणी सराव सोसायटीच्या रस्त्यावर, शाळेच्या अंगणात वा मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये चालतो. सकाळी साडेपाचला गुडघ्याला पॅड बांधून डांबरी रस्त्यावर उतरणाऱ्या मुलाला मोटारींपासून जपणे, हेच सार्वजनिक रिंकचे पहिले प्रयोजन होय.

मापे : रिंक हॉकीचे प्रमाणित मैदान ४० × २० मी. असते. लांबी-रुंदीचे प्रमाण २:१, कोपरे गोलाकार आणि सभोवती १ मी. उंचीचा कठडा. त्याचे क्षेत्रफळ ८०० चौ. मी., म्हणजे जवळपास ८ गुंठे. कलात्मक स्केटिंगला ५० × २५ मी. लागतात. शर्यतीच्या ट्रॅकची प्रमाणित लांबी २०० मी. आणि रुंदी ६ मी.; वळणे आतल्या बाजूस उतरती असतात. साठ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळे धरून हिशेब केला तर बाहेरील आकार सुमारे ९८ × ३८ मी. येतो. भोवती दोन मीटरची मोकळी पट्टी सोडल्यास ४२ गुंठे, म्हणजे एक एकराहून थोडी अधिक जागा लागते. आठ गुंठ्यांच्या जागेवर ‘ट्रॅक’ मंजूर झाल्याच्या बातम्या वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

जागा : राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे ही नागरी सुविधा म्हणून नोंदलेली आहेत. सांगली–मिरज आणि कुपवाड महानगरपालिकेला (स्थापना १९९८) महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, तर सातारा नगरपरिषदेला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो. विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण असलेली आणि प्रत्यक्ष ताब्यात आलेली जागा सर्वांत सुरक्षित. आरक्षण नुसते कागदावर असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली ते व्यपगत होण्याचा धोका राहतो. दुसरा पर्याय म्हणजे मंजूर रेखांकनातील (भूखंड पाडण्याच्या नकाशातील) ‘ओपन स्पेस’. ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के जागा अशी सोडावी लागते. परंतु हे भूखंड अनेकदा आठ गुंठ्यांहूनही लहान वा तिरके असतात आणि त्यांवर रहिवाशांचा हक्क असतो. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी उपयोगास देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या प्रकरणात १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे. सातारा शहराची हद्द २०२० मध्ये वाढल्याने शाहूपुरी, विलासपूर अशा भागांतील मोकळ्या जागा नगरपरिषदेकडे आल्या. रिंकसाठी तेथेच पाहणे इष्ट.

सांगलीत प्रश्न पूररेषेचा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. निळ्या पूररेषेच्या (सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या) आतील निषिद्ध क्षेत्रात उद्यान, क्रीडांगण असे मोकळे उपयोग चालतात. त्यामुळे ‘रिंक म्हणजे क्रीडांगणच’ असा युक्तिवाद केला जातो. उलट मत असे, की काँक्रीटची फरशी आणि सलग कठडा मिळून ते बांधकामच ठरते आणि कठडा पाण्याच्या वाटेत येतो. दुसरे मत अधिक सावध आहे व तेच स्वीकारावे. पुरानंतर फरशीवर बसणारा गाळ सांध्यांत शिरला की तो पूर्ण निघत नाही, हे तांत्रिक कारणही त्याच बाजूचे आहे.

जमीन व फरशी : रिंकचे आयुष्य फरशीखालील जमीन ठरवते. कृष्णाकाठची काळी माती माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजामुळे पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेली फरशी दोन पावसाळ्यांत कडेने उचलली जाते. चाकाचा व्यास आठ-दहा सेंटिमीटर असताना दोन-तीन मिलिमीटरची पायरीही मुलाला पाडण्यास पुरेशी असते. अशा जमिनीवरील उपायांत मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केलेली पद्धत महत्त्वाची आहे. तीत काळी माती काढून न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मुरमाचा थर घालतात. ही पद्धत मूळची कालव्यांसाठीची. पण रिंकसारख्या हलक्या भाराच्या रुंद फरशीला ती तत्त्वतः फार चांगली लागू पडते, कारण फुगवट्याला दाबून ठेवणारे इमारतीचे वजन दोन्हीकडे नसते. मुरूम १५ ते २० सेंमी.च्या थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबावा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारांकडे मुरूम आणि काळा कातळ वर येतो. तेथे फुगवटा नसतो, पण जागा सपाट करताना अर्धी फरशी कातळावर आणि अर्धी भरावावर येते, आणि नेमकी त्या रेषेवर भेग पडते.

फरशी साधारण १५ सेंमी. जाडीची धरली तर ८०० चौ. मी. रिंकला १२० घ. मी. काँक्रीट लागते. निर्वात पंपाने जादा पाणी शोषून यंत्राने घोटलेली, म्हणजे बोलीत ‘ट्रिमिक्स’ केलेली, फरशी सर्वांत सोयीची. चार-साडेचार मीटरच्या चौकोनांत सांधे कापावेत. ते काँक्रीट पुरेसे घट्ट होताच, उन्हाळ्यात तर त्याच दिवशी, जाडीच्या किमान चौथ्या हिश्शाइतके खोल कापले पाहिजेत. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबल्यास भेग आपली जागा स्वतः निवडते. कोटा फरशी स्वस्त आणि दिसायला देखणी असली तरी तिचे असंख्य सांधे आणि ओलेपणी होणारी घसरण पाहता खुल्या रिंकला ती टाळावी. उताराबाबत दोन मते आहेत. खेळाडूंना पूर्ण सपाटी हवी असते. अभियंता एक टक्का उतार मागतो. ताशी ५० मिमी. पावसात ८०० चौ. मी. फरशीवर ४० हजार लिटर पाणी पडते, तेव्हा उतार शून्य ठेवून चालणार नाही. वीस मीटर रुंदीत एकाच दिशेने १० सेंमी., म्हणजे अर्धा टक्का, हा मध्यम मार्ग व्यवहार्य ठरतो. सांगलीहून बराच अधिक पाऊस होणाऱ्या साताऱ्यात कठड्याच्या तळाशी पाणी जाण्याच्या मोऱ्याही अधिक ठेवाव्यात.

निधी : मुख्य वाटा जिल्हा वार्षिक योजना (जिल्हा नियोजन समितीमार्फत), क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना, नगरोत्थान अभियान, आमदार व खासदार स्थानिक विकास निधी (दोन्ही वर्षाला प्रत्येकी ५ कोटी रु.) आणि पालिकेचा स्वनिधी या होत. मोठ्या रकमेसाठी रिंक जिल्हा क्रीडा संकुलाच्या आराखड्यात घालणे हा मार्ग आहे. मात्र मग तिची मालकी पालिकेकडे न राहता संकुल समितीकडे जाते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खालील सामाजिक दायित्व निधीबाबत मतभेद आहेत. या अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय मान्यताप्राप्त व ऑलिंपिक खेळांच्या ‘प्रशिक्षणा’चा उल्लेख आहे, बांधकामाचा नाही. अनुसूचीचा अर्थ उदारपणे लावावा या केंद्राच्या खुलाशाचा आधार घेऊन सुविधाही त्यात बसवल्या जातात. प्रस्ताव ‘रिंक बांधणे’ असा न देता प्रशिक्षण केंद्र व त्यास लागणारी फरशी असा मांडणे सुरक्षित. किर्लोस्करवाडीपासून साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत कारखानदारीची जुनी परंपरा असलेल्या या पट्ट्यात हा मार्ग अधिक वापरला जायला हवा.

जवळपास सर्व शासकीय निधी भांडवली कामासाठी असतो. वीजबिल, राखणदार, सांधे भरणे यांची तरतूद पालिकेच्या महसुली अंदाजपत्रकात वेगळी करावी लागते. ती न करता प्रशासकीय मान्यता घेणे ही नियोजनातील सर्वांत महाग चूक होय. दुसरी चूक वेळापत्रकाची. निधी ३१ मार्चला व्यपगत होऊ नये म्हणून कार्यादेश फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि काँक्रीट एप्रिलच्या उन्हात, पाणीटंचाईच्या तोंडावर ओतले जाते. फरशीला किमान १४ दिवस सतत ओलावा हवा असतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडीसारख्या तालुक्यांत त्या दिवसांत पिण्याच्या पाण्याचेच टँकर चालू असतात. तांत्रिक मान्यता आणि निविदा पावसाळ्यातच पूर्ण करून नोव्हेंबर ते जानेवारीत फरशी ओतणे शक्य असते, आणि तसाच आग्रह धरला पाहिजे.

व्यवस्थापन : महापालिकेची मिळकत भाड्याने वा पट्ट्याने देताना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ पाळावे लागते. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीत रिंक एखाद्या प्रशिक्षकाच्या ताब्यात जाते, सकाळ-संध्याकाळच्या सर्व वेळा शुल्काच्या वर्गांना मिळतात आणि फी न परवडणारे मूल कठड्याबाहेर उभे राहते. करारातच रोज संध्याकाळचा एक तास सर्वांना विनाशुल्क आणि काही जोड स्केट्स व हेल्मेट पालिकेच्या नावे ठेवण्याची अट असावी. पावसाळ्यात रिंक बंद राहते. दसऱ्याच्या सुमारास फरशी धुऊन, शेवाळ घासून, प्रत्येक सांध्यातील माती काढून तो लवचीक भरावाने पुन्हा भरतात. त्यानंतरच कुलूप उघडावे.