टॉकीजचा पडदा आणि नाटकाचा पडदा

आमच्या पूर्व विदर्भात टॉकीज आणि नाट्यगृह, दोन्हींना 'थेटर'च म्हणतात. त्यामुळं तालुक्याच्या गावात बंद पडलेली टॉकीज दिसली की हौशी नाटकवाली पोरं हमखास म्हणतात, "खुर्च्या आहेत, पडदा आहे, अजून का पायजे भाऊ?"

घोळ त्या पडद्यातच आहे. टॉकीजच्या पडद्यावर चित्र पडतं. त्याला बारीक भोकं असतात, मागच्या स्पीकरचा आवाज त्यांतून बाहेर येतो, आणि त्यामागं जेमतेम काही फुटांवर भिंत. म्हणजे इमारत तिथं संपते. नाटकाच्या पडद्यामागं निम्मं नाट्यगृह असतं: विंगा म्हणजे बाजूच्या आडोशाच्या जागा, उभं करून ठेवलेलं नेपथ्य, एन्ट्रीची वाट बघणारा नट, मेकअपची खोली, आणि हो, कलाकारांचं संडास-बाथरूम. सिनेमा डब्यात बंद होऊन तयार यायचा. नाटक जागेवर शिजतं, आणि टॉकीजला स्वयंपाकघरच नसतं.

मग मागची भिंत पाडायचा मोह होतो. छताचा भार तिच्यावर असू शकतो, तेव्हा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सब्बल लावू नये. पुढच्या चार-पाच रांगा काढून रंगमंच पुढे आणावा, आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत मेकअपसाठी पत्र्याची खोली काढावी, हे स्वस्तात होतं. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर मात्र ते फोडू-कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते.

बसण्याचा हिशोबही उलटा. टॉकीजमध्ये पडद्याला चिकटलेली रांग सगळ्यात स्वस्त, बाल्कनी महाग. नाटकात पहिल्या रांगेचा मान मोठा. पडद्याची खालची कड प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंच असते, म्हणून टॉकीजला जमिनीचा उतार कमी असला तरी निभतं. नटाचे मात्र पाय दिसले पाहिजेत. रंगमंच पुढे आणला की बाल्कनीच्या मागच्या रांगांना त्याची पुढची कड दिसेनाशी होते. माझं मत विचाराल तर बाल्कनी सरळ बंद ठेवा. हौशी प्रयोगाला खाली अडीचशे माणसं बसली तरी गाव जिंकलं.

आवाजाचं तसंच. टॉकीजच्या भिंती आवाज पिणाऱ्या असतात, कारण तिथं स्पीकरची ताकद हाताशी असते. विनामाइक बोलणाऱ्या नटाचा शब्द त्याच भिंती गिळतात. रंगमंचाजवळचं भिंतीवरचं आवरण काढून तिथं प्लायवूड लावलं तर फरक पडतो. आधी एकाला शेवटच्या रांगेत बसवून साध्या आवाजात दोन वाक्यं बोलून बघा. नव्या गादीच्या खुर्च्यांवर पैसे घालवण्याआधी तरी.

कागदपत्रांत थोडक्यात: सिनेमाचा परवाना नाटकाला चालत नाही. टॉकीज 1953 च्या सिनेमा कायद्यात येते, नाटकाच्या जागेला सार्वजनिक करमणुकीचे वेगळे नियम लागतात, आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र.

झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं रात्रभर चालणारं नाटक इथं आणू, असंही कोणी म्हणतं. ते होणार नाही. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम दिवाळीनंतरचा, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाचा (बैलांची शर्यत). मंडपातली ती रात्रभराची गर्दी चार भिंतींत मावायची नाही. या इमारतीचा उपयोग पावसाळ्यात, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना. बाहेर धो-धो असताना आत नेपथ्य लावून सराव करता आला, तर तेवढ्यासाठीही खटाटोप परवडतो. फक्त वर टिनाचे पत्रे असतील तर आतून छत घ्या, नाहीतर सर आली की संवाद संपला.

जशीच्या तशी वापरता येईल अशी एकच खोली आहे, प्रोजेक्टरची केबिन. समोर अख्खा रंगमंच दिसतो, वायरिंग तिथवर आलेलं असतं. ते तपासून घ्या आणि लाइट-साउंडवाल्याला तिथं बसवा. भिंतीतल्या त्या चौकोनी खिडक्या बुजवू नका, काच मात्र काढा. संवाद ऐकू आल्याशिवाय त्याला क्यू, म्हणजे लाइट-साउंड बदलायचा इशारा, कसा कळणार?