तारेच्या टोकाला किती घरं?

मुंबईतल्या केबलवरचं जुन्या पद्धतीचं, अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करून ते डिजिटल करण्याची मुदत होती ३१ ऑक्टोबर २०१२. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी ब्रिटनने उत्तर आयर्लंडमधलं आपलं शेवटचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवलं होतं. अमेरिकेने ते काम जून २००९ मध्येच उरकलं होतं. तारखा शेजारी आल्या, तरी गोष्ट एकच नव्हती. तिकडे छपरावरच्या अँटेनात येणारी लहर बदलली. आपल्याकडे बदलायची होती ती या इमारतीवरून त्या इमारतीवर टाकलेली काळी तार. आणि ती बदलण्यामागे चित्राच्या स्पष्टतेपेक्षा हिशेबाचा प्रश्न मोठा होता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं. एकाने गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून 'अजून मुंग्याच आहेत!' म्हणून ओरडायचं, हा तेव्हाचा घरोघरचा उद्योग. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या सोसायट्यांत कुणीतरी व्हीसीआर घेऊन बसू लागला आणि तारेने घराघरांत सिनेमे पोचवू लागला. १९९१ च्या आखाती युद्धात सीएनएन दिसलं, त्याच वर्षी स्टार आणि १९९२ मध्ये झी आलं. व्हीसीआरच्या जोडीला गच्चीवर डिश बसली आणि केबलवाला हा पेपरवाला-दूधवाल्यासारखा घरचा माणूस झाला. केबलचा कायदा आला १९९५ मध्ये. तोवर जाळं विणून झालं होतं, त्याची परवानगी कुणी कुणाला मागितली नव्हती.

अ‍ॅनालॉग तारेत एका वाहिनीला सात-आठ मेगाहर्ट्झ जागा लागते. ओढूनताणून ऐंशी ते शंभर वाहिन्या बसत आणि जुन्या टीव्हीला त्यातल्याही सगळ्या पकडता येत नसत. त्यामुळे सुरुवातीच्या क्रमांकांना, धंद्याच्या भाषेत 'प्राइम बँड'ला, सोन्याचा भाव आला. २००० नंतर वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या, तार तेवढीच राहिली. मग उलटी गंगा वाहू लागली: वाहिनीच केबल कंपनीला पैसे मोजू लागली. ही 'कॅरेज फी'. मोठ्या समूहांना ती परवडे, शिवाय आपली लोकप्रिय वाहिनी हवी असेल तर बाकीच्याही घ्या, असं त्यांना दरडावता येई. लहान वृत्तवाहिन्या आणि प्रादेशिक वाहिन्या मात्र तिच्याखाली वाकल्या. बातम्या गोळा करण्यापेक्षा त्या दिसाव्यात यासाठीच जास्त खर्च होतो, ही तक्रार तेव्हा कायम ऐकू येई.

दुसऱ्या बाजूने, म्हणजे प्रेक्षकांच्या घरांतून, येणारा पैसा तर वाटेतच मुरत असे. समजा केबलवाल्याच्या तारेवर हजार घरं आहेत. कागदावर तो दोनशे दाखवी. वाहिनीला दोनशेचे पैसे, सरकारला दोनशेचा करमणूक कर. अ‍ॅनालॉग तार कुठे फुटते आणि कुठे जोडते हे मोजण्याची सोयच नव्हती. त्यात केबलवाल्याला सरसकट खलनायक ठरवणं मला पटत नाही. पावसात खांबावर चढणारा तोच होता, आणि त्याच्याकडून मागितली जाणारी रक्कमही घासाघीस करूनच ठरत असे.

मोजणीचा पहिला प्रयत्न 'कॅस'चा. पैसे देऊन बघायच्या वाहिन्यांसाठी घरात बॉक्स बसवायचा, अशी ही पद्धत. २००३ मध्ये ती चेन्नईत टिकली, इतर महानगरांत मागे पडली. न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ च्या अखेरीस दिल्ली, कोलकाता आणि मुंबईच्या काही भागांत ती लागू झाली. सशुल्क वाहिनीला महिना पाच रुपयांची कमाल मर्यादा होती. वाहिन्यांना हा दर जाचक वाटला, प्रेक्षकाला बॉक्स नको होता, केबलवाल्याला मोजणी नको होती. कॅस पसरलंच नाही.

दूरसंचार आणि प्रसारणाची नियामक संस्था असलेल्या ट्रायने २०१० मध्ये संपूर्ण डिजिटायझेशनची शिफारस केली, २०११ मध्ये कायदा बदलला. पहिल्या टप्प्यात चार महानगरं. त्यांची मूळ मुदत जून २०१२ होती, ती चार महिने पुढे गेली. मार्च २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, त्यांत पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर. उरलेला देश कोर्टाच्या स्थगित्या आणि मुदतवाढी पार करत २०१७ पर्यंत रेंगाळला.

एका वाहिनीच्या जागेत दहा-बारा मावू लागल्या. २०१६ मध्ये मराठीतल्या मनोरंजन वाहिन्यांनी एचडी अवतार घेतले. अ‍ॅनालॉग केबलवर ते शक्यच नव्हतं. प्राइम बँडचं महत्त्व गेलं, पण कॅरेज फी पुरती गेली नाही. बॉक्स सुरू करताच आपोआप समोर येणारी वाहिनी, म्हणजे 'लँडिंग पेज', ही नवी मोक्याची जागा ठरली आणि तिच्यावरून टीआरपीचे तंटे झाले. फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीला आपली किंमत जाहीर करावी लागली. पॅकेजमध्ये द्यायच्या वाहिनीसाठी ती १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नव्हती. आपण नेमकं काय बघतो, याची यादी घरोघरी पहिल्यांदाच झाली.

दूरदर्शनची वाट वेगळी. २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, पण ते पकडायला घरी अँटेनाच उरला नव्हता. मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास सोडून बाकी अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद करण्याचं ठरलं. त्याचा फारसा बोभाटाही झाला नाही. दूरदर्शनचा प्रेक्षक तोवर २००४ मध्ये सुरू झालेल्या उपग्रह सेवेवर, आजच्या डीडी फ्री डिशवर, गेला होता. तिथल्या जागांचा लिलाव होतो आणि खासगी वाहिन्या त्यासाठी कोट्यवधी मोजतात. २०१९ मध्ये बड्या समूहांनी आपल्या मोफत हिंदी वाहिन्या तिथून काढल्या. २०२० मध्ये त्या परत आल्या. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, ग्राहक क्रमांक नाही. त्यामुळे ती छत्री किती घरांवर आहे, याचा आजही अंदाजच करावा लागतो.