पावसाळी सायकलचं चाक: पैसे कुठे घालायचे?

जून उजाडला की बेळगावच्या पश्चिमेकडचे रस्ते लाल व्हायला लागतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा सगळा जांभ्याचा पट्टा. त्यात भाताची लावणी सुरू झाली की ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर शेतातला चिखल चाकांना घेऊन येतात आणि डांबरावर सोडून जातात. अशा रस्त्यांवर रोड बाइक, म्हणजे अरुंद टायरची वेगाची सायकल, बाराही महिने चालवायची असेल, तर चाकं घेताना त्यांच्या वजनाआधी ती कशाने झिजतात याचा विचार करावा.

रिमवर रबर दाबणारे ब्रेक असतील तर पावसाळ्यात सगळ्यात जास्त मार खाते ती रिम. जांभा लाल दिसतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. त्यातल्या हेमॅटाइटचा कठीणपणा मोहस् मापनपट्टीवर ५ ते ६ भरतो आणि मातीतल्या गारेच्या बारीक कणांचा ७. रिमचं ॲल्युमिनियम मात्र ३ च्याही खाली. ओल्या रिमला चिकटलेले हे कण ब्रेकच्या रबरात रुतून बसतात आणि प्रत्येक ब्रेकला रिम खरवडतात. खरवडून निघालेले ॲल्युमिनियमचे कपचेही रबरातच अडकतात, मग धातूच धातूला घासू लागतो. (गंमत म्हणजे ॲल्युमिनियम ज्या बॉक्साइटपासून मिळतं, ते जांभ्याचंच भाऊबंद. बेळगावजवळ यमनापूरला त्याच बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात.)

रिमची भिंत पातळ झाली तर काय बिघडतं? टायरमध्ये ८५ पीएसआय हवा असेल, तर २५ मिमी रुंद टायर रिमच्या भिंतीच्या दर सेंटीमीटरला सुमारे सात किलोच्या जोराने बाहेर ढकलतो. भिंत झिजली की हा जोर तिला पेलवत नाही आणि एखाद्या उतारावर ती फाटते. म्हणून रिम घेताना ब्रेकच्या पट्ट्यावर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा टिंब आहे का ते बघा. ती खूण पुसली गेली की रिम बदलायची. खूण नसेल तर पोलादी पट्टीची कड पट्ट्यावर आडवी धरा. मधे फट दिसली, म्हणजे भिंत आत खोलगट झाली, तर तिचं आयुष्य संपत आलं. पावसाळ्यात ब्रेकचे रबर अधूनमधून काढून त्यातले कपचे टाचणीने उचकटावेत, रिम पुष्कळ जास्त टिकते.

क्रोमची पोलादी रिम स्वस्त आणि दणकट वाटते, पण ओली झाली की तिच्यावर ब्रेक जवळजवळ लागतच नाही. गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटासाठी ती नकोच.

आता तारा, म्हणजे स्पोक. बैलगाडीचा आरा ओझं खालून उचलून धरतो. सायकलची तार तसं काही करू शकत नाही, ढकलली तर ती वाकेल. म्हणून चाक बांधतानाच सगळ्या तारा ताणून ठेवतात. मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या एकेका तारेवर शंभर किलोच्या आसपास ताण असतो, दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्म्याने. चाक फिरताना जमिनीजवळ आलेल्या तारांचा ताण थोडा उतरतो आणि वर जाताना पुन्हा भरतो. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४७५ फेरे. बेळगावहून खानापूरला पोहोचेपर्यंत प्रत्येक तार बारा हजारांहून अधिक वेळा सैल होऊन ताणली जाते. मुळात ताण कमी असेल तर खड्ड्यात तार पूर्ण ढिली पडते, निपल (तार रिममध्ये धरून ठेवणारा बारीक नट) फिरतं, चाकाला आऊट येतो, म्हणजे ते डोलत फिरतं, आणि चाकाच्या मधल्या हबपाशी जिथे तार वाकलेली असते तिथे ती शेवटी तुटते. तार तुटली की लोक तारेला दोष देतात. दोष बहुतेक वेळा बांधणीचा असतो.

त्यामुळे माझं मत असं: महागड्या नावाच्या चाकापेक्षा ३२ किंवा ३६ भोकांची साधी डबल वॉल (दुहेरी भिंतीची) रिम आणि स्टेनलेस तारा घ्या, आणि वाचलेले पैसे ताण सारखा करून देणाऱ्या मिस्त्रीला द्या. २० तारांच्या चाकात एक तुटली की रिम ब्रेकला घासू लागते, ३२ मध्ये सहसा घरी येता येतं. निपल पितळीच हवेत. ॲल्युमिनियमचं निपल आणि स्टेनलेस तार यांच्यामध्ये पाणी शिरलं की ॲल्युमिनियम गंजतं, निपल जाम होतं आणि आऊट काढायला गेलं की तुटतं. पितळेने दोन्ही चाकांत मिळून चाळीसेक ग्रॅमच वाढतात. फिरतं वजन दुप्पट मोजावं लागतं हे खरं, पण फक्त वेग वाढवताना. तेव्हाही माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलोपुढे हे ऐंशी ग्रॅम कुठे लागणार!

हब उघडता येईल असाच घ्यावा. सुटे छरे आणि त्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट (कोन) असलेला जुना हब पावसाळ्याआधी व नंतर धुऊन नवं ग्रीस भरलं की वर्षानुवर्षं चालतो. सीलबंद बेअरिंगचा असेल तर बेअरिंगवरचा क्रमांक वाचा. ६००१ किंवा ६९०२ असं काही असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीला यंत्रं पुरवणाऱ्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात ते मिळायला हवं. क्रमांकापुढे २आरएस, म्हणजे दोन्हीकडे रबरी सील, मागून घ्या. झेडझेडचं पत्र्याचं झाकण पाणी अडवत नाही. आणि सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने हब कधी धुऊ नये, ते सीलच्या आत घुसतं.

टायर २८ किंवा ३२ मिमी रुंदीचा बसत असेल तर बसवा. नक्षीची काळजी नको, सायकलचा अरुंद टायर पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरहून कितीतरी जास्त वेग लागेल.

नवी सायकलच घ्यायची असेल तर डिस्क ब्रेकची घ्या. रिमची झीज थांबते आणि माती फक्त डिस्क व पॅड खाते, ते बदलायला सोपे. फक्त ब्रेकचा पीळ हबमधून तारांवर येतो, म्हणून तिथे हबपासून रिमपर्यंत त्रिज्येसारख्या सरळ जाणाऱ्या तारा चालत नाहीत, एकमेकींना छेदून जाणाऱ्याच लागतात.

जुनी सायकल असेल तर हब आणि तारा चांगल्या असताना अख्खं चाक फेकू नका. नवी रिम जुनीला चिकटपट्टीने बांधून एकेक तार तिच्यात हलवता येते. त्यासाठी निपल जिथे टेकतं तिथला व्यास दोन्ही रिमांचा सारखा हवा. तो चार-पाच मिलिमीटरने जरी चुकला तरी तारा तोकड्या पडतात, नाहीतर निपलच्या बाहेर डोकावतात.